न्यायाच्या दिवशी नाबोथही उभा असेल

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. आपल्या वडिलांची जमीन एका नातलगाने खोट्या कागदपत्रांच्या आधारे बळकावली, दावा वर्षानुवर्षे रेंगाळला आणि वडील त्याच विवंचनेत गेले. ज्याने हे केले तो मात्र भरल्या घरात, मुलानातवंडांच्या गराड्यात शांतपणे वारला आणि त्याच्या दफनविधीत त्याच्या धार्मिकतेची स्तुती झाली. आपण विचारता : देव न्यायी आहे आणि न्यायाचा दिवस अटळ आहे, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो, पण याला आधार काय? की ही हरलेल्या माणसाने स्वतःचीच काढलेली समजूत आहे?

तीस वर्षांहून अधिक काळ मी पाळक म्हणून सेवा करत आहे आणि हा प्रश्न मला बहुतेक वेळा कबरीजवळ विचारला गेला आहे. तो विचारण्यात अविश्वास नाही, हे आधी सांगतो. पवित्र शास्त्रात हाच प्रश्न आपल्यापेक्षा कडक शब्दांत विचारलेला आहे. 73 व्या स्तोत्रात स्तोत्रकर्ता आसाफ कबूल करतो की दुष्टांची भरभराट पाहून त्याचे पाय घसरण्याच्या बेतात होते. त्यांना मरताना यातनासुद्धा होत नाहीत, अशी त्याची तक्रार आहे, आणि ती आपल्या तक्रारीशी शब्दशः जुळते. हबक्कूक संदेष्टा तर देवालाच विचारतो की मी किती काळ ओरडत राहू आणि तू ऐकणार नाहीस. हे शब्द शास्त्रातून वगळले गेले नाहीत, ते प्रार्थना म्हणून जपले गेले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आपल्याकडे अशा वेळी लोक दोन वाक्ये हमखास बोलतात. एक, करावे तसे भरावे. दुसरे, देवाच्या काठीला आवाज नसतो. दुसऱ्या वाक्यात बरेच तथ्य आहे, परंतु पहिल्याबाबत जपून बोलले पाहिजे. ख्रिस्ती विश्वास असे सांगत नाही की जगाच्या रचनेतच एखादे यंत्र बसवलेले आहे आणि प्रत्येक कृत्याचे फळ ते आपोआप, याच आयुष्यात, कर्त्याच्या पदरात टाकते. तसे असते तर तो नातलग तसा मेला नसता. ख्रिस्ती विश्वास सांगतो की न्याय करणारा कोणीतरी आहे; तो पाहतो, ऐकतो, आठवण ठेवतो आणि त्याने वेळ नेमलेली आहे. यंत्राकडे गाऱ्हाणे नेता येत नाही, न्यायाधीशाकडे नेता येते. म्हणूनच सदोम नगराविषयी बोलताना अब्राहाम देवासमोर उभा राहून विचारू शकला की सर्व जगाचा न्यायाधीश योग्य न्याय करणार नाही काय.

आता आपल्या वडिलांच्या प्रकरणाशी विलक्षण जुळणारे एक प्रकरण जरा सावकाश पाहू. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या 21 व्या अध्यायात इज्रेल गावच्या नाबोथाची हकिकत आहे. त्याचा द्राक्षमळा अहाब राजाच्या वाड्याला लागून होता. राजाने मळा मागितला. बदल्यात दुसरा मळा किंवा रोख किंमत देऊ केली. नाबोथाने नकार दिला, कारण ते त्याचे वडिलोपार्जित वतन होते, आणि लेवीय पुस्तकाच्या नियमाप्रमाणे जमीन मुळात देवाची असल्याने ती कायमची विकता येत नसे. अहाब घरी येऊन तोंड फिरवून पडून राहिला, जेवेना. मग ईजबेल राणीने राजाच्या नावाने पत्रे लिहिली, त्यांवर राजाची मोहर उठवली आणि ती नाबोथाच्या गावच्या वडीलधाऱ्यांकडे पाठवली. पत्रातला हुकूम बारकाईने वाचण्यासारखा आहे : उपास जाहीर करा, नाबोथाला लोकांपुढे मानाच्या जागी बसवा, त्याच्यासमोर दोन अधम माणसे बसवा, आणि याने देवाला व राजाला शिव्याशाप दिले अशी साक्ष त्यांच्याकडून देववा.

दोनच साक्षीदार का? मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे देहान्ताच्या शिक्षेला किमान दोन साक्षीदार लागत. म्हणजे कागदोपत्री सगळे चोख होते. उपास झाला, सभा भरली, साक्षी झाल्या, शिक्षा गावाबाहेर नेऊन अमलात आणली गेली. त्या दिवसाची नोंद कोणी तपासली असती तर तिच्यात खोट सापडली नसती. अन्यायाला कायद्याची भाषा किती सहज बोलता येते, हे शास्त्राला आपल्या फार आधी ठाऊक होते.

अहाब मळ्याचा ताबा घ्यायला गेला तेव्हा तिथे एलीया संदेष्टा उभा होता. त्याने देवाचा एकच सवाल त्याला ऐकवला : तू खून केलास आणि वर ताबाही घेतलास ना? पत्रे राणीने लिहिली होती, साक्ष दुसऱ्यांनी दिली होती, दगड तिसऱ्यांनी मारले होते. राजा त्या दिवशी तिथे हजरही नव्हता. तरी आरोप त्याच्या नावाने ठेवला गेला, कारण मोहर त्याची होती आणि मळाही त्यालाच मिळाला होता. खोटे कागद कोणी केले, सही कोणी घेतली, फायदा कोणाला झाला, या साऱ्याची वाटणी देवाच्या दरबारात नीट होते.

पुढे काय झाले? अहाबाने कपडे फाडले, गोणपाट नेसले, उपास केला, आणि देवाने अरिष्ट पुढे ढकलले. नंतर रामोथ-गिलादच्या लढाईत तो वेश पालटून उतरला. कोणा एकाने सहज सोडलेला बाण त्याच्या चिलखताच्या सांध्यात घुसला आणि तो संध्याकाळी रथातच मेला. ईजबेल त्यानंतरही राजमाता म्हणून डझनभर वर्षे जगली. अहाबाचा मुलगा अहज्या याची कारकीर्द झाली, मग दुसरा मुलगा योराम याची झाली, आणि त्यानंतर तो दिवस आला जेव्हा बंड करून उठलेल्या येहू या सेनानायकाने योरामाचे प्रेत नाबोथाच्याच शेतात टाकवले आणि ईजबेल वाड्याच्या खिडकीतून खाली फेकली गेली. त्या मधल्या वर्षांत नाबोथाच्या एखाद्या नातेवाइकाने आपलाच प्रश्न विचारला असेल, असे मला नेहमी वाटते.

या हकिकतीचा शेवट वाचून पुष्कळ उपदेशक समाधानाने पुस्तक मिटतात. माझे समाधान होत नाही. अहाब मेला, ईजबेल मेली, पण नाबोथाला काय मिळाले? त्याचा मळा त्याला परत मिळाला नाही. देवाची निंदा करणारा हा शिक्का त्याच्या हयातीत कोणी पुसला नाही, आणि राजांच्या दुसऱ्या पुस्तकातल्या एका उल्लेखावरून दिसते की त्याच्या मुलांचेही रक्त सांडले होते. गुन्हेगाराला शिक्षा होणे हा न्यायाचा निम्मा भाग झाला. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला भरचौकात निर्दोष ठरवणे, त्याचे जे हिरावले ते त्याला परत देणे, हा उरलेला निम्मा. आणि मेलेल्या माणसाच्या बाबतीत तो या जगातले कोणतेही न्यायालय पुरा करू शकत नाही. आपण उद्या दावा जिंकलात तरी वडिलांना ते कळवता येणार नाही. त्या नातलगाला भोगावे लागले असते तरी ही उणीव भरून निघाली नसती.

म्हणूनच ख्रिस्ती विश्वासात न्यायाचा दिवस आणि मेलेल्यांचे पुनरुत्थान या दोन वेगळ्या शिकवणी नाहीत. दानीएलाच्या बाराव्या अध्यायात आणि योहानाच्या पाचव्या अध्यायात त्या एकाच दमात येतात : कबरेतले सर्व जण वाणी ऐकतील आणि बाहेर येतील. न्यायाच्या दिवशी अहाब उभा असेल, तसाच नाबोथही उभा असेल. पीडित माणसाच्या गैरहजेरीत निकाल लावून मोकळे होणारा हा दरबार नाही. सन 325 मध्ये नायसिया येथे ठरलेल्या मतांगीकारात, म्हणजे मंडळीच्या विश्वासाच्या कबुलीत, ख्रिस्त जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करावयास येईल असे म्हटले आहे, आणि त्यातला "मेलेल्यांचा" हा शब्द मी तरी धमकी म्हणून उच्चारत नाही. माझ्या दृष्टीने ते आपल्या वडिलांसारख्या असंख्यांना दिलेले अभिवचन आहे.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे वळतो : हे खरे कशावरून? प्रेषित पौलाने अथेन्समध्ये अरीयपग या टेकडीवर विद्वानांसमोर याचे उत्तर दिले. त्याने सांगितले की देवाने एक दिवस नेमला आहे, त्या दिवशी तो आपण नेमलेल्या मनुष्याच्या द्वारे जगाचा न्यायनिवाडा करणार आहे, आणि त्या मनुष्याला मेलेल्यांतून उठवून त्याने याची खात्री सर्वांना पटवली आहे. हे वाक्य मी तरुणपणी अनेकदा वाचले होते, पण पुनरुत्थान हा न्यायाचा पुरावा कसा होतो हे मला बऱ्याच उशिरा उमगले. येशूचा खटला नाबोथाच्या खटल्याशेजारी ठेवून पाहा. इथेही खोटे साक्षीदार होते. मार्क सांगतो की त्यांच्या साक्षी एकमेकींशी जुळतही नव्हत्या. इथेही आरोप दोनच : धर्मसभेपुढे देवाची निंदा, सुभेदारापुढे राजसत्तेशी द्रोह. इथेही कायद्याचे सोपस्कार झाले आणि शिक्षा शहराबाहेर नेऊन दिली गेली. सुभेदार पिलाताने निकाल दिला, कबरेवर शिक्का मारला गेला, पहारा बसवला गेला. तिसऱ्या दिवशी देवाने तो निकाल फिरवला. माणसांनी ज्याला दोषी ठरवून मारले त्याला देवाने उठवून नीतिमान ठरवले.

म्हणजे वरच्या न्यायालयात एक अपील आधीच ऐकले गेले आहे आणि त्यात मेलेल्या फिर्यादीच्या बाजूने निकाल लागला आहे. आम्ही न्यायाची वाट पाहतो ती या एका लागलेल्या निकालाच्या बळावर. पुनरुत्थान घडलेच नसेल तर मात्र आपण म्हणता ते खरे आहे. मग ती हरलेल्यांची समजूत आहे, हे मी मान्य करतो, आणि करिंथकरांना लिहिताना पौलानेही ते जवळजवळ याच शब्दांत मान्य केले आहे. पण ते घडले असेल, आणि मी माझे आयुष्य त्यावर लावले आहे, तर न्यायाधीश असा आहे ज्याने स्वतः खोटी साक्ष मुकाट्याने ऐकली आहे. आपल्या वडिलांची बाजू त्याला समजावून सांगावी लागणार नाही.

विलंब का, हे विचारणे उरते. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात उत्तर आहे की प्रभू उशीर करत नाही, तो सहन करतो. कोणाचा नाश व्हावा अशी त्याची इच्छा नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राहामाला सांगितले जाते की त्याच्या वंशजांना चारशे वर्षे थांबावे लागेल, कारण त्या देशात राहणाऱ्या अमोरी लोकांच्या पापाचा घडा अजून भरलेला नाही. देव घडा भरण्यापूर्वी फोडत नाही. हे ऐकायला कठीण आहे, कारण थांबण्याची किंमत बळी पडलेला मोजत असतो, आणि ही अडचण शब्दांनी झाकण्याचा प्रयत्न मी करणार नाही. प्रकटीकरणात वेदीखालचे हुतात्मे "कधीपर्यंत?" असे मोठ्याने विचारतात, त्यांना दटावले जात नाही, त्यांना शुभ्र झगा दिला जातो आणि आणखी थोडा वेळ थांबायला सांगितले जाते. तो वेळ किती हे मोजण्याच्या फंदात मात्र कोणी पडू नये. 1844 च्या 22 ऑक्टोबरला प्रभू येणार असे अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी धरून चालले आणि हजारो माणसे भग्न मनाने घरी परतली. दिवस नेमलेला आहे, पण तो पित्यावाचून कोणालाही ठाऊक नाही, असे येशूने स्वतः सांगून ठेवले आहे.

आता जे लिहितो ते आपल्याला कदाचित रुचणार नाही. पौल करिंथच्या मंडळीला लिहितो की आपल्या सर्वांना ख्रिस्ताच्या न्यायासनासमोर प्रकट झाले पाहिजे. न्यायासनासाठी तो "बेमा" हा ग्रीक शब्द वापरतो, आणि करिंथच्या लोकांना तो ऐकताच त्यांच्या बाजारपेठेतला दगडी चौथरा डोळ्यांसमोर आला असणार. त्याचे अवशेष आजही तिथे दिसतात. साधारण 51-52 साली गल्लियो सुभेदार असताना पौलाला स्वतःला त्या बेमापुढे खेचले गेले होते. "प्रकट होणे" या शब्दाचा अर्थ नुसते हजर राहणे नव्हे. आतून बाहेरून जसे आहोत तसे उघडे पडणे. आणि पौल "आपल्या सर्वांना" म्हणतो. त्यात तो, मी, आपण, सारे आलो. आमोस संदेष्टा तर परमेश्वराच्या दिवसाची उत्सुकतेने वाट पाहणाऱ्यांनाच विचारतो की तो दिवस तुम्हाला कशाला हवा, तो प्रकाश नसून अंधकार आहे. आपला शत्रू सापडेल म्हणून जो न्यायाचा दिवस मागतो, त्याने त्या दिवसाची यादी अर्धीच वाचलेली असते.

मग त्या नातलगाने शेवटच्या घटकेला पश्चात्ताप केला असेल तर तो सुटला का? हा प्रश्न आपण लिहिलेला नाही, पण तो आपल्या पत्राच्या ओळींमध्ये मला दिसला. बऱ्याच वर्षांपूर्वी एका रुग्णाने मला प्रार्थनेसाठी बोलावले होते. प्रार्थना झाली, तरी तो माझा हात सोडेना. थोड्या वेळाने म्हणाला, धाकट्या भावाचा वाटा माझ्याकडे आहे. मी त्याला क्षमेची वचने वाचून दाखवू लागलो. त्याने मला थांबवले आणि म्हणाला, पाळकसाहेब, आधी त्याला बोलवा. भाऊ दुसऱ्या दिवशी आला आणि पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला, बसला नाही. कागदावर सही करताना रुग्णाचा हात इतका कापत होता की पहिली सही वाया गेली आणि दुसरा कागद आणावा लागला. क्षमेविषयी त्या दिवशी त्याला माझ्यापेक्षा अधिक कळत होते. जकातदार जक्कयानेही हेच केले; ज्याचे लुबाडले त्याला चौपट परत देतो, हे तो येशूसमोर उभा राहून बोलला. घेतलेले ठेवून घेणारा पश्चात्ताप शास्त्राला माहीत नाही.

आणि खरोखर पश्चात्ताप करणाऱ्याचा दोष देव नुसता काणाडोळा करून सोडत नाही. रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पौल मुद्दाम म्हणतो की वधस्तंभावर देवाने स्वतःचे नीतिमत्त्व दाखवले, यासाठी की त्याने न्यायी असावे आणि विश्वास ठेवणाऱ्याला नीतिमान ठरवणारेही असावे. कर्ज माफ झाले याचा अर्थ ते कोणीच फेडले नाही असा नव्हे. माफ करणाऱ्याने ते स्वतः सोसले. म्हणून त्या दिवशी कोणतेही पाप हिशेबाबाहेर राहिलेले नसेल : एकतर ते करणाऱ्याच्या माथी असेल, किंवा ख्रिस्ताने वाहिलेले असेल. त्या नातलगाचे कोणते, हे ठरवण्याचे काम आपल्याकडे सोपवलेले नाही, दफनविधीत बोलणाऱ्यांकडेही नव्हते.

तपशिलांत मंडळ्यांमध्ये मतभेद आहेत. रोमन कॅथलिक शिकवणीत मरणानंतर लगेच होणारा व्यक्तिगत न्याय आणि शेवटचा सार्वत्रिक न्याय असे दोन मानले जातात, शुद्धिस्थानही, म्हणजे मरणानंतर आत्म्याची शुद्धी होण्याची अवस्थाही, मानली जाते. प्रोटेस्टंट मंडळ्या शुद्धिस्थान नाकारतात. शिक्षा अनंत भोगाची की अखेरीस नाशाची, यावरही चर्चा चालू आहे. आपल्या प्रश्नाचे उत्तर यांपैकी कशावरही अवलंबून नाही. एवढे मात्र लूकच्या बाराव्या अध्यायावरून स्पष्ट आहे की शिक्षा सरसकट नाही : धन्याची इच्छा ठाऊक असून न करणाऱ्याला पुष्कळ फटके, ठाऊक नसणाऱ्याला थोडे.

एक धोक्याची सूचना देणे भाग आहे. त्या नातलगाच्या घरात कधी आजारपण किंवा अपघात झाला तर "बघा, देवाने केले" असे म्हणू नका, मुलांसमोर तर मुळीच नको. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे दगावली तेव्हा, ती इतरांपेक्षा अधिक दोषी होती असे तुम्हाला वाटते काय, असे येशूने विचारले आणि स्वतःच नाही म्हणून उत्तर दिले. दुसऱ्याच्या आपत्तीत देवाचा निकाल वाचण्याचा अधिकार त्याने आपल्याला दिलेला नाही.

आणि दावा? तो काढून घ्या असे मी सांगणार नाही. न्याय देवावर सोपवणे म्हणजे कोर्टाची पायरी न चढणे, असा गैरसमज श्रद्धाळू घरांत फार आहे आणि त्याचा फायदा नेहमी बळकावणाऱ्यालाच होतो. सूड घेऊ नका असे रोमकरांना लिहिणारा पौल त्याच पत्राच्या पुढच्या अध्यायात अधिकाऱ्याला देवाचा सेवक म्हणतो; आणि कैसरियात स्वतःवर वेळ आली तेव्हा, मी कैसराच्या, म्हणजे रोमी सम्राटाच्या, न्यायासनापुढे उभा आहे, माझा न्याय इथेच झाला पाहिजे, असे सांगून तो कैसराकडे दाद मागतो. तिथेही शब्द तोच आहे, बेमा. त्याचा ख्रिस्ताच्या न्यायासनावर विश्वास होता, म्हणून माणसांच्या न्यायासनापुढे तो खोटे बोलला नाही, लाच दिली नाही आणि भ्यालाही नाही. तोच विश्वास आपल्यालाही एक मोकळीक देतो : दावा लढा, पण त्या नातलगाच्या मुलांशी बोलणे बंद ठेवू नका; त्यांना शिक्षा देण्याची जबाबदारी आपल्या खांद्यावर नाही.

वडिलांची मूळ कागदपत्रे एका फाइलमध्ये तारीखवार लावा, जमिनीची हकिकत आपल्या आईला आठवते तशी त्यांच्याकडून लिहून घ्या, आणि पुढच्या तारखेला जाताना 94 वे स्तोत्र मोठ्याने वाचून मग घराबाहेर पडा.